बाबांचं रिव्हॉल्व्हर आणि खोबरेल

आमच्या घरात रिव्हॉल्व्हर सोडून सगळं गंजलं. पेणच्या खाडीकडे मिठागरांना लागून आमचं घर. खारा वारा खिडकीचे गज खातो, सायकलची चेन खातो, आईच्या लग्नातली ट्रंकही त्यानं सोडली नाही. पण मुकादम असलेल्या आजोबांचं रीतसर परवान्याचं ते जुनं हत्यार बाबांनी कधी गंजू दिलं नाही. गोळ्या केव्हाच संपल्या होत्या. तरी दर दसऱ्याला ते पुसायचे आणि गावभर सांगायचे, "माज्या हत्याराला डाग नाय."

यंदा त्यांनीच ते पोलीस ठाण्यात कायमचं जमा करायचं ठरवलं. नजर गेली, हात थरथरतो, आणि मी एकुलती एक. मला ते नको होतं. मी रोह्यात शिवणकाम करते, मला कात्री पुरते. ठाण्यातून निरोप आला की गोळ्या भरायचं चक्र उघडून सहाही घरं रिकामी दाखवावी लागतील. आणि चक्र तर जागचं हलेना!

"गंजलेलं म्हनून लिवतील गो," बाबा फोनवर रडवेले झाले. "बापाचं हत्यार माज्या हातात गंजलं, असं कागदावर येल."

एवढ्यासाठी मी दुकान बंद ठेवून गाडी धरली. निडी स्टेशन जाईपर्यंत स्वतःशीच चडफडत होते.

घरी पोचल्यावर ओटीवर वर्तमानपत्र अंथरलं. शिलाई मशीनचं तेल, बारीक स्क्रू-ड्रायव्हर आणि जुना टूथब्रश मी बरोबर आणला होता. बाबा सांगत गेले, मी करत गेले. नळीचं तोंड भिंतीकडे. आधी मुठीचे स्क्रू, मग चक्राच्या मधली खीळ. ती काही केल्या निघेना. तेल सोडलं, चहा प्यायलो, परत तेल सोडलं. शेवटी निघाली तेव्हा तिच्यावर काळपट तांबडा, चिकट थर होता. बाबांनी बोट लावून पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"गंज," ते म्हणाले.

मी नखानं खरवडून वास घेतला. खवट खोबरेल!

"बाबा, तुम्ही याला खोबरेल लावत होता?"

"मग? चाळीस वर्सं. घरात तेच हाय."

अरे देवा! मशीनला खोबरेल घालणाऱ्या बायकांना मी दारात उभं करत नाही, आणि इथे माझाच बाप. डोक्याला लावायचं तेल ते. आत सुकून त्याचा डिंक झाला होता. मी तोंडाला येईल तसं बोलले.

पण तांबडं काय होतं? बोटावर चोळलं तेव्हा कळलं. कुंकू.

दसऱ्याला आई ते पाटावर ठेवून पुजायची. बाबांची पाठ वळली की सहाही घरांत चिमूट चिमूट कुंकू घालायची. "याच्या हातून कुनाचं वाईट नको होऊ दे रे देवा," म्हणायची. कळलं की बाबा ओरडायचे, "आत नको घालू गो, अडकंल!" ती पुढच्या वर्षी परत घालायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. यांचं खोबरेल आणि तिचं कुंकू, दोघांचं भांडण आत घट्ट बसलं होतं.

शेजारच्या रिक्षावाल्याकडून थोडं डिझेल आणलं. त्यात बोळे भिजवून एकेक घर पुसत गेले. बोळे लाल होत गेले, बाबा एकेक उचलून वर्तमानपत्रावर मांडत गेले. पाच घरं लख्ख झाली. सहाव्याकडे बोळा नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे."

"अहो, गंज म्हणून लिहितील. त्याच्यासाठीच एवढा खटाटोप केला ना?"

"लिवू दे. दरसाल वरडलो तिच्यावर."

एवढ्या वर्षांचा त्यांचा अभिमान, तो ते त्या एका घरापायी सोडून द्यायला निघाले होते. मी चक्र तसंच बसवलं. ते आता छान फिरत होतं.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात हवालदारांनी खिडकीच्या उजेडात एकेक घर पाहिलं. सहाव्यापाशी थांबले.

"काका, इथे गंज आहे. लिहावं लागेल."

पोलिसापुढे आयुष्यात मान वर न केलेले बाबा म्हणाले, "गंज नाय, साहेब. माज्या बायकोचं कुंकू हाय."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं, मग करंगळी आत घालून फिरवली. बोट लाल झालं. ते पुसायला त्यांचा हात पँटीकडे गेला आणि मधेच थांबला. कुंकू पँटीला कसं पुसणार? त्यांनी ते बोट आपल्या कपाळाला लावलं, आणि पावती लिहायला घेतली.

बाहेर आल्यावर बाबांनी पावती माझ्या हातात दिली. "काय लिवलंय?"

"हत्यार स्वच्छ. गंज नाही."

"परत वाच."

घरी परतताना वडखळ नाक्यापर्यंत मी ते चार वेळा वाचलं.