पदरात बांधलेल्या बांगड्या

ठिपका आला. पांढऱ्या वाडग्याच्या उजव्या कडेनं निघून हळूहळू आत सरकला. मला लख्ख दिसला. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेल्या म्हातारीला दिसला आणि शेजारी बसलेल्या अकरा वर्षांच्या नातीला दिसला नाही. तिच्या मुठीत बटण होतं. दिसलं की दाबायचं, मग ते घर्र वाजायचं. ते वाजलं नाही. ठिपका आणखी आत आला. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून मांड्यांखाली दाबून बसले होते, कारण मला हलायची मनाई होती. ठिपका पार मधोमध यायला आला तेव्हा कुठं बटण वाजलं.

"शाब्बास," मशीनवाली बाई म्हणाली. कशाचं शाब्बास, ते तिलाच ठाऊक.

हे लातूरला झालं. मशीन म्हणजे रांजण उभा चिरून आडवा धरावा तसं, आतून पांढरंफेक. पोरीनं त्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं मधल्या खुणेकडंच बघायचं. पलीकडं बसलेली बाई हातानं उजेडाचा ठिपका चहूबाजूंनी आणते आणि जिथं दिसला तिथं कागदावर खूण करते. खुणा जोडल्या की एक कडं होतं. त्या कड्याच्या आत पोरीला दिसतं. बाहेर दिसत नाही.

आमचं गाव उमरी तालुक्यातलं. पोर लहानपणापासून दिवस मावळला की ठेचकाळायची. आम्ही म्हणायचो धांदरट आहे. जेवताना ताटाच्या कडेची चटणी तशीच ठेवून उठायची, तर तिची आई रागवायची, एवढे नखरे कशाला म्हणून. मग सगळे म्हणाले रातांधळं आहे. शेवग्याचा पाला झाला, गाजरं झाली. शेजारीण बोकडाची कलेजी घेऊन आली. आम्ही माळकरी, पण पोरीसाठी तीही चुलीवर शिजवली. पोरीनं निमूट खाल्ली. काही झालं नाही.

नांदेडच्या डॉक्टरनं डोळ्यात औषध घालून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्यानं पहिला प्रश्न विचारला तो डोळ्याचा नव्हताच.

"आई-वडील नात्यातले आहेत का?"

"हाव," मी म्हणाले. "सून माझ्या भावाची पोरगी हाय. मामाच्या पोरीवर भाच्याचा हक्क असतो."

सून शेजारीच बसली होती. ती मला सासू म्हणून नाही, आत्या म्हणूनच हाक मारते. डॉक्टरनं मान हलवली आणि सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, रक्तातून आलेला. आई-बापांना काही नसतं, दोघांकडचं थोडं थोडं एकत्र आलं की लेकराला होतो. औषध नाही. ऑपरेशन नाही. चष्म्याचा उपयोग नाही. आमच्याकडं चार पिढ्या अशीच लग्नं झाली आणि कुणाला काही झालं नाही, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, होतं असं. मला त्याचा राग आला, पण राग धरून बसायला त्यात काही नव्हतं.

"आता काय करायचं?" सुनेनं विचारलं.

"मोजायचं," तो म्हणाला. "किती शिल्लक आहे ते बघू. दरवर्षी मोजू."

"मोजल्यानं वाढतंय का?"

"नाही ताई. पण कडं मोठं असेल तर गावच्या शाळेत राहू द्या. लहान असेल तर आत्ताच तिला काठी घेऊन चालायला आणि बोटांनी वाचायला शिकवावं लागेल. ते गावात होणार नाही. अंधशाळेत, तिथंच राहायला ठेवावं लागेल तिला."

लहान पोरांना हातानं चालवायचं जुनं मशीन बरं पडतं आणि ते लातूरला आहे, म्हणून त्यानं लातूरची चिठ्ठी दिली. लातूरला येताना गाडीत पोर मला एकच विचारत होती, मोठं आलं तर घरीच का? मी म्हणाले, घरीच.

त्या खोलीत एकालाच आत सोडत होते. पोरीनं माझा पदर धरला. सून बाहेर बाकावर बसली. दिवे मालवले आणि बाईनं ठिपका आणायला सुरुवात केली. घर्र. दुसऱ्या बाजूनं आणला. घर्र. पोर भराभर दाबत होती, ठिपका कडेला दिसला न दिसला की लगेच. मला वाटलं, नांदेडचा डॉक्टर चुकला. मनातल्या मनात मी त्याला शिव्याही घातल्या.

बाई थांबली. तिनं वाकून माझ्याकडं बघितलं.

"आजी, तुम्हाला दिसतोय का हा ठिपका?"

"दिसतोय की."

"तो दिसला की तुमचा हात हलतोय. तुमच्या बांगड्या वाजल्या की ती बटण दाबते."

मी म्हणाले, असं कसं? बाईनं पुन्हा आणला. मी हाताकडं ध्यान ठेवून होते, तरी हात हलला. बांगड्या वाजल्या. घर्र.

आता हे आमच्या घरातलं सांगायला हवं. माझ्या तरुणपणी आम्ही सुना सासऱ्याशी बोलत नव्हतो. ताट वाढलं की दाराआड उभं राहून बांगड्या वाजवायच्या, मग ते उठून जेवायला यायचे. पाणी हवं का, कुणी आलं आहे का, सगळं बांगड्यांनी. हाताला लागलेली सवय ती. पुढं ही नात ठेचकाळायला लागली तेव्हा तिन्हीसांजेला मी पुढं चालायची आणि हात हलवत राहायची. उंबरा आला की एकदा जोरात. ती आवाजामागं यायची. माझा म्हातारा काठी आपटायचा, सून घागरीवर टिचकी मारायची. असं करा म्हणून कुणी ठरवलं नव्हतं. त्यामुळंच पोर घरात कधी पडली नाही, आणि पडली नाही म्हणून आम्हाला इतकी वर्षं कळलं नाही.

"बांगड्या काढून ठेवा," बाई म्हणाली.

"नवरा जिवंत हाय माझा," मी म्हणाले. "खाटेवर पडून का असंना, हाय. अन् ह्या निघायच्या न्हाईत आता, फोडाव्या लागतील."

बाई हसली. "मग बाहेर बसता का?"

पोरीनं वाडग्यातून तोंड काढलं. "आज्जी राहू द्या ना."

"अगं, पण दिसलं तरच दाबायचं. आवाजावर नाही."

"मला वाटलं असंच असतंय," पोर म्हणाली. "आज्जी सांगून राहिली, म्हणून दाबत होते."

ती खोटं करत नव्हती. घरी जसं चालतं तसंच तिनं केलं होतं. मी पदर मनगटाभोवती घट्ट गुंडाळला, त्याला गाठ मारली आणि हात मांड्यांखाली घातले. बाईनं आधीचा कागद बाजूला टाकला. नवा लावला.

मग ठिपके आले. उजवीकडून, खालून, वरून. प्रत्येक वेळी मला आधी दिसला आणि मी गप्प बसले. माझा हात पदरात ओढ घेत होता. खोलीत मशीनच्या पंख्याचा बारीक आवाज तेवढा होता. पोर मधल्या खुणेकडं बघत होती, सांगितलं होतं तशी, मान न हलवता. बाईनं पट्टी दुसऱ्या डोळ्यावर बांधली आणि तेच पुन्हा केलं.

कागदावर कडं आलं ते लिंबाएवढं. टाकलेल्या कागदावरचं भाकरीएवढं होतं. मी विचारलं, हा पहिला कागद देता का? बाई म्हणाली, त्याचा काय उपयोग आजी? खरं होतं तिचं. तिनं तो चुरगाळून टोपलीत टाकला.

बाहेर आल्यावर सुनेनं माझ्या तोंडाकडं बघितलं. मी म्हणाले, बारीक हाय. ती तिथंच खाली बसली. पोर तिला म्हणाली, "मम्मी ऊठ ना, लोकं बघून राहिलेत."

बसस्थानकावर पोचेपर्यंत अंधार पडत होता. नांदेडची गाडी लागायची होती. सून पोरीचा हात सोडून पाणी आणायला गेली. मी पोरीच्या अगदी शेजारी उभी होते, हातभर अंतरावर.

"आज्जी," ती म्हणाली. मग मोठ्यानं, "आज्जी, कुठं गेलीस तू?"

माझे हात अजून पदरातच बांधलेले होते. गाठ घट्ट बसली होती, सुटेना. दातानं सोडवली आणि हात हलवला.

"मला वाटलं गेलीस," ती म्हणाली.

"कुठं जाणार मी? हितंच हाय."

"लहान आलं ना?"

"हाव."

"मग मला ठेवणार तिथं?"

"हाव," मी म्हणाले. दुसरं काही खोटं सांगता आलं असतं, पण तिला आवाजावरून सगळं कळतं.

जूनमध्ये तिला लातूरच्या अंधशाळेत ठेवलं. महिन्यातून एकदा माझा मुलगा, तिचा बाप, तिला घरी घेऊन येतो. यंदा पुन्हा मोजलं. आणखी बारीक झालं आहे. या खेपेला मी गेले नाही, ती एकटीच आत बसली. घरी येते तेव्हा काठीनं उंबरा हुडकते. मी अजून पुढं चालते आणि हात हलवते. ती म्हणते, "आज्जी, नको वाजवू, मला काठीचं कळंना." मग मी थांबते.

मी त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि मला दोन्ही डोळ्यांनी दिसतं. ती बारा वर्षांची झाली आहे. नजर जातेय ती तिची.