तिसऱ्या आवृत्तीनंतरच्या सूचना

माझं काम मी दोन वाक्यांत सांगते, लांबवलं की समोरचा नुसती मान डोलावतो. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचा अगदी आतला गाभा म्हणजे कर्नेल. त्यात जगभरातले लोक ईमेलने दुरुस्त्या पाठवतात आणि त्यांतल्या काही मी अमरावतीच्या घरी बसून तपासते.

त्यासाठी एक वही आहे. पानावर तीन रकाने: सूचना, कोणत्या ओळीबद्दल, आणि ती मानली नाही तर काय बिघडेल.

गेल्या हिवाळ्यात एका अनोळखी माणसाची दुरुस्ती आली. कर्नेल आपल्याकडच्या प्रत्येक ऑब्जेक्टचं नाव जपून ठेवतं, डिस्कचं, नेटवर्क कार्डाचं, सगळ्यांचं. नाव बदलायचं तर जुनं काढून टाकायचं आणि नवं लावायचं. पण त्याच क्षणी दुसरा कोणी जुनं नाव वाचत असेल तर वाचता वाचता ते त्याच्यासमोरून नाहीसं होतं, त्याच्या हाती भलतंच काही लागतं आणि मशीन बसतं, म्हणजे पार ठप्प होतं. या माणसाच्या संस्थेतलं एक मशीन असं दर एक-दोन दिवसांनी बसत होतं. ते शहराबाहेरच्या एका शेडमध्ये होतं. दर वेळी तो स्वतः गाडीने तिथे जाऊन बटण दाबून येई. दुरुस्ती कर्नेलमध्ये रीतसर घेतली गेल्याशिवाय त्या मशीनवर चढवायची नाही, असा संस्थेचा नियम होता.

पहिली आवृत्ती मी वाचली आणि वहीत लिहिलं: नव्या नावासाठी मेमरी मिळाली नाही तर जुनं नाव आधीच गेलेलं असेल, ऑब्जेक्ट बिननावाचा राहील. हा मुद्दा खरा होता. दुसऱ्या दिवशी त्याचं उत्तर आलं, "तुमचं पत्र वाचून मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. हे मला कसं दिसलं नाही?" दुसऱ्या आवृत्तीत त्याने आधी नवं नाव तयार केलं, मग अदलाबदल केली आणि सगळे वाचणारे बाजूला झाल्यावरच जुनं सोडलं. त्यात एका वाटेवर लॉक, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, न उघडता तसंच राहत होतं, ते मी दाखवलं. तिसऱ्या आवृत्तीत तेही नीट झालं. पत्राच्या शेवटी त्याने विचारलं होतं, "तुमच्याकडे आता सकाळ असेल ना?"

मी हो म्हणाले आणि चार सूचना पाठवल्या.

इथे घरचं सांगायला हवं. नवऱ्याची बदली अकोल्याला झाली आहे. अकोला काही परदेश नाही, दोन तासांची वाट. पण कामाच्या वेळा अशा की त्यांनी तिथेच खोली घेतली. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी येतात. रोज फोन होतो. सिलेंडर आला का, टाकी धुतली का, विम्याचा कागद सापडला का. मीच मुद्दे लिहून ठेवते, म्हणजे काही राहत नाही. साडेचार मिनिटांत संपतो.

तर चौथी आवृत्ती आली, मग पाचवी. कोडमधल्या टिप्पणीतलं वाक्य बदला. दुरुस्तीचे दोन भाग करा. हे फंक्शन वर घ्या. तो प्रत्येक वेळी करून पाठवत होता आणि पत्रात दोन ओळी जास्तीच्या असत, शेवटी माझ्यासाठी एखादा प्रश्न. पाचवीबरोबर त्याने लिहिलं, नव्या दुरुस्त्या घेण्याची मुदत शुक्रवारी संपते, हुकली तर पुढची संधी दोन-अडीच महिन्यांनी. तक्रारीचा सूर नव्हता.

बुधवारी दुपारी मी लॅपटॉप घेऊन खालच्या ओट्यावर उन्हात बसले. खालच्या मजल्यावरच्या मावशी तिथे शेवंतीचे हार करत होत्या. त्यांच्या घरचा फुलांचाच धंदा.

"काय करून राहिली व बाई, कवाची त्या डबड्यापाशी?"

"एकाचं काम तपासून राहिली, मावशी."

"चुकला का थो?"

"चुकला होता. आता बरोबर आहे."

"मंग कावून टांगून ठेवलं त्याले?"

"बारीकसारीक राहिलं आहे."

"बारीकसारीक!" मावशींनी दोरा दाताने तोडला. "माही सासू अशीच होती. झालेला हार उसवाले लावे. फूल वाकडं दिसते म्हणे."

"होतं का वाकडं?"

"कायचं वाकडं! तिले तरी दिसत होतं का धड? मोतीबिंदू होता दोन्ही डोयात."

"मग कशाले उसवाले लावे?"

"इचारलं असतं त सांगतलं असतं का तिनं?" आणि त्या इतक्या हसल्या की मांडीवरची फुलं सांडली.

मी फुलं वेचून दिली आणि वर आले. सहाव्या आवृत्तीसाठीच्या सूचना वहीत तयार होत्या, पाच. तिसऱ्या रकान्यात एकीपुढेही काही लिहिलेलं नव्हतं. मागचं पान उलटलं, त्याच्या मागचं. तिसऱ्या आवृत्तीनंतर तो रकाना सगळीकडे कोरा. मी दर वेळी पहिले दोन भरून वही मिटली होती. तेवढ्या दिवसांत तो माणूस शेडकडे किती वेळा गेला असेल, हे मी कधी विचारलं नव्हतं.

पाचवीखाली नुसतं "तपासलं आहे" लिहून सुटता आलं असतं. पण पाचव्या आवृत्तीत माझ्या हट्टामुळे बरंच काही हललं होतं आणि ते पुन्हा चाचण्यांतून काढायला वेळ नव्हता. तिसरी मी घरच्या मशीनवर पूर्ण चालवून पाहिली होती. म्हणून सगळ्यांना दिसेल असं लिहिलं: तिसरी आवृत्ती बरोबर होती. त्यानंतरच्या माझ्या सूचना अनावश्यक होत्या, उशीर माझ्यामुळे झाला. कृपया तिसरी घ्यावी. खाली तपासल्याची ओळ आणि माझं नाव.

गुरुवारी ती घेतली गेली. त्याचं पत्र संध्याकाळी आलं. त्याने आभार मानले होते. पुढे लिहिलं होतं, "चौथ्यापासूनच्या बदलांची गरज नसावी असं मलाही वाटत होतं. पण तुम्ही ज्येष्ठ आहात, म्हणून विचारलं नाही. जे सांगाल ते करत राहिलो. उद्यापासून शेडवर जावं लागणार नाही."

मी ते दोनदा वाचलं. पत्र नम्र होतं. त्यात कुठेच प्रश्न नव्हता.