वारा सुटला का?

गिरण्यांच्या संपात परळच्या इस्पितळात माझं फाटलेलं आतडं शिवलं आणि वर पोटात पू झाला. कुशीत पू काढायची नळी, हाताला सलाईन, घोड्याला टोचावीत तसली इंजेक्शनं. ताप असा, की माझ्या कपाळावर पापड भाजून निघाला असता. आतडी चालू झाल्याची खूण एकच, वारा सुटणं. तो सुटेना, म्हणून पोट पुन्हा उघडायचं घाटत होतं.

सकाळी डॉक्टरांनी विचारलं, "काय, वारा सुटला का?"

मी ग्लानीत. शेजारच्या खाटेवर वरळी कोळीवाड्याचे नाखवा होते. खिडकीबाहेर बघत तेच म्हणाले, "सुटला नं, डाक्तर! पाटेपासून झक्कास सुटलाय."

डॉक्टर खूश. मला पेज सांगून पुढच्या वॉर्डात गेले.

सिस्टरनं वाटी आणली. पहिला चमचा तोंडाशी आला, तेवढ्यात नाखवा म्हणाले, "खा रे बाबा! असल्या वाऱ्यावर शीड लावलं तर थेट रत्नागिरी!"

सिस्टरचा हात थांबला. "नाखवा, कुठला वारा?"

"दर्याचा! आणखी कुठला असतो?"

चमचा मागे घेऊन ती वाटीसकट चालू लागली. मला मात्र हसू आवरेना. टाके ओढले जात होते, उशी पोटाशी घट्ट धरून मी हसत होतो, आणि हसता हसता सुटला! संपामुळे मुका झालेला गिरणीचा भोंगाच वाजला, असं समजून लालबागची माणसं डबे घेऊन फाटकावर जमली म्हणतात. सिस्टर नाकाला रुमाल लावून पेजेची वाटी परत घेऊन आली.