काय म्हणतोय चिखल?

साहेब पायाने लूर निवडायचे. हे नवख्या माणसाला सांगितलं की तो आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि मग माझ्या पायांकडे. लूर म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा, लाकडाचा नाहीतर प्लास्टिकचा. लोक तो दुकानात रंग बघून घेतात, घरी मोबाइलवर व्हिडिओ बघून घेतात आणि काठावर पोचल्यावर शेजारच्याचा बघून बदलतात. साहेब गव्हाणच्या बाजूला खाडीवर पोचले की सँडल काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, घोटाभर चिखलात जाऊन उभे राहायचे आणि डोळे मिटायचे. लुरांचा डबा तोवर बंद. मलाही शेजारी तसंच उभं करायचे. थोड्या वेळाने डोळे न उघडताच विचारायचे, "लेले, काय म्हणतोय चिखल?"

त्यांचे ते पाय मला अजून दिसतात. गोरे, रुंद, नखं नीट कापलेली. आयुष्यभर पॉलिश केलेल्या बुटांत राहिलेले अधिकाऱ्याचे पाय. पुढे जे काही वाईट झालं ते तिथूनच सुरू झालं, म्हणून मीही तिथूनच सुरुवात केली.

तळोज्याच्या एका कारखान्यात साहेब खरेदीखात्याचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. सप्लायर गुळगुळीत कागदावरचे कॅटलॉग आणि जाडजूड टेस्ट रिपोर्ट घेऊन यायचे. साहेब ते रिपोर्ट चहाच्या कपाखाली ठेवायचे आणि सरळ पोत्यात हात घालायचे. पावडर बोटांत चोळून बघायचे. रबराचा वॉशर मी त्यांना चावून बघताना पाहिलं आहे. "कॅटलॉग बघून सोयरीक जमवतात, लेले. माल घेत नाहीत." हाताला लागलं ते खरं, कागदावर आहे ते सप्लायरचं म्हणणं, असा त्यांचा हिशेब होता. आणि पंचाईत अशी की तो बहुतेक वेळा बरोबर ठरायचा.

रिटायर झाल्यावर लोक भजनाला जातात, ट्रेकला जातात, सोसायटीच्या कमिटीत शिरून शेजाऱ्यांचं पाणी तोडतात. साहेबांनी रॉड घेतला. त्यांना धरायचा होता तो फक्त जिताडा. आमच्या भागातला हा मानाचा मासा. पूर्वी कचेरीत ज्याचं काम अडलेलं असे तो मोठ्या अधिकाऱ्याच्या घरी जिताडा पोचवत असे. "आयुष्यभर मी कुणाचा घेतला नाही," साहेब म्हणायचे, "आता स्वतःचा स्वतः मिळवणार." नवीन पनवेलला आमची घरं जवळ, गाडी माझी, तेव्हा दर रविवारी त्यांच्याबरोबर जाणं मला ओघानेच आलं. मी मासे खातो हे माझ्या आईला अजूनही अधिकृतपणे माहीत नाही.

पहिल्या रविवारी मी चाळीसेक लुरांचा तीन मजली डबा घेऊन गेलो होतो. साहेबांनी तो उघडून बघितला आणि म्हणाले, "वा. रुखवत छान मांडलंय." त्यांच्या डब्यात तीनच लूर होते आणि त्यांना ऑफिसातली नावं होती. एक बुडून तळाशी सावकाश उकरत यायचा, तो ऑडिटर. दुसऱ्याच्या पोटात गोळ्या होत्या, तो खुळखुळ वाजत पाणी डोक्यावर घ्यायचा, तो युनियन लीडर. तिसरा बारीक, कोलंबीच्या रंगाचा, कुणाच्या नजरेत न भरता कुठेही शिरणारा, तो शिपाई.

आम्ही उघाडीपाशी उभे होतो. शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून बांधाला दार असतं, ती उघाडी. ओहोटीला तिथून शेतातलं पाणी खाडीत पडतं, पाण्याबरोबर कोलंबी येते आणि कोलंबीवर टपून जिताडा बसलेला असतो. मला चिखलात काहीच कळेना. फक्त गार लागत होतं आणि गिळगिळीत वाटत होतं. "घोट्याकडे लक्ष दे," साहेब म्हणाले. मग जाणवलं. कुणीतरी सुईच्या टोकाने अगदी हलके टोचत होतं. इथे, मग तिथे. "कोलंबी उडतेय. तो काय खातोय ते कळलं ना? मग त्याला युनियन लीडर कशाला दाखवायचा?" त्यांनी शिपाई लावला. तिसऱ्यांदा फेकला तेव्हा पाण्यात धोंडा पडावा तसा आवाज झाला आणि रॉड वाकला. तो जिताडा आम्ही दोघांनी मिळून बाहेर काढला.

पुढे त्यांनी मला बरंच शिकवलं. चिखल वरून गार आणि आतून उबदार असेल तर लूर सावकाश ओढायचा. पाय लोण्यात गेल्यासारखा गेला तर ताजा गाळ आलाय, पाणी गढूळ आहे, माशाला दिसणार नाही, तेव्हा वाजणारा लूर. पायाखाली घट्ट लागलं तर ऑडिटर. हे सगळं ते गोड चहाचे घोट घेत सांगायचे. थर्मास त्यांचा असायचा आणि चहा जवळजवळ पाकच. वहिनी साखर कमी घालून द्यायच्या, साहेब वाटेत गाडी थांबवून दुकानातून पुडी घ्यायचे. "वहिनींना सांगेन हं," असं मी म्हणायचो आणि हसायचो. तेव्हा ते हसण्यासारखंच होतं.

खाडीवर हिराबाई चिंबोऱ्या धरायला यायची. तिच्या पायात जुने रबरी बूट असायचे. साहेबांना अनवाणी बघून ती दर वेळी ओरडायची, "सायेब, पायान कायतरी घाला! कालवांच्या शिंपा हायत चिकलान. कापला तरी कलनार नाय तुमाला." साहेब तिला नमस्कार करायचे आणि आणखी दोन पावलं आत जायचे.

मग मासा मिळेनासा झाला. एक महिना, दुसरा महिना. साहेब उभे राहायचे, डोळे मिटायचे, पूर्वीपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे, आणि शेवटी भलताच लूर उचलायचे. पाणी नितळ असताना युनियन लीडर, गाळ असताना शिपाई. मी विचारलं की म्हणायचे, "चिखल बोलत नाही रे आता. मुका झालाय. हा भराव, हे पूल, हे दिवे. खाडी मारली यांनी." मलाही ते पटलं. पनवेलमध्ये हल्ली कशालाही भरावाला जबाबदार धरलं की समोरचा मान डोलावतोच. समोरची टेकडी विमानतळासाठी आमच्या देखत सपाट झाली होती. खाडी मेली यात नवल ते काय?

हिराबाईने मात्र मान डोलावली नाही. "मेली कुटं? कोलंबी हाय, निवट्या हायत. परवा माज्या दिराला येवरा जिताडा गावला." तिने हात फाकवून दाखवले. साहेब जरा चिडूनच दुसरीकडे बघू लागले.

त्याच्या पुढच्याच रविवारची गोष्ट. आम्ही दोघे उघाडीपाशी शेजारी शेजारी उभे होतो. माझ्या दोन्ही घोट्यांवर कोलंबी नुसती तडतडत होती. इतकी की मला पाय हलवावेसे वाटत होते. साहेब डोळे मिटून म्हणाले, "काही नाही. स्मशान झालंय." मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. पाणी उथळ होतं आणि त्यांच्या गोऱ्या पायांवरही कोलंबी उडताना मला स्पष्ट दिसत होती.

"साहेब, मला टोचतेय."

त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, खाली मात्र पाहिलं नाही. "भास होतोय तुला," म्हणाले आणि युनियन लीडर लावला.

मी त्याच संध्याकाळी वहिनींना सांगितलं. त्यांनी दोन दिवसांत साहेबांना ओढून डॉक्टरांकडे नेलं. साखर भयंकर वाढलेली होती. तिथे काय झालं ते वहिनींनी मला नंतर सांगितलं. डॉक्टरांकडे नायलॉनचा बारीक दोरा होता, आपल्या गळाला असतो तसाच. त्यांनी साहेबांना डोळे मिटायला सांगितलं आणि दोऱ्याचं टोक तळपायाला लावत विचारत गेले, "लागतंय?" साहेब दर वेळी म्हणाले, "हो." डॉक्टरांनी दोरा बाजूला ठेवून दिला, हात मांडीवर घेतले आणि पुन्हा विचारलं, "आता?" साहेब म्हणाले, "हो, लागतंय की."

गोळ्या आल्या, पथ्य आलं, अनवाणी चालायला सक्त मनाई झाली. साहेबांनी रिपोर्ट चहाच्या कपाखाली ठेवला. "डॉक्टर म्हणजे नवा सप्लायर. घाबरवल्याशिवाय त्याचा माल खपत नाही. मला सांग, दुखतंय कुठे? कधीच काही दुखत नाही. दुखत नाही म्हणजे पाय उत्तम!" ज्या माणसाने जन्मभर स्पर्शावर विश्वास ठेवला त्याला स्पर्शच खोटं सांगतोय हे कोण पटवणार? मी त्यांच्यासाठी रबरी बूट आणले. ते त्यांनी गाडीत ठेवले आणि गाडीतच ठेवले. मी नेलं नाही तर रिक्षा करून जाईन म्हणाले. गेलेही एकदा. म्हणून मग मी नेत राहिलो आणि पूर्ण वेळ त्यांच्या पायांवर नजर ठेवायचो. पाणी गढूळ असलं की माझा जीव टांगणीला लागायचा.

त्या दिवशी ऑडिटरचा मागचा गळ गंजला होता. तीन काट्यांचा गळ. साहेब चिखलात उभ्या उभ्याच तो बदलत होते आणि नवा गळ हातातून निसटला. "थांब, पायाने शोधतो, लगेच लागेल," म्हणाले आणि चिखलात इकडे तिकडे पाय फिरवू लागले. मी ओरडलो, दंड धरून त्यांना बाहेर ओढलं, मग वाकून हाताने चिखल चाचपला. गळ मिळाला नाही. साहेबांनी चिखलाच्याच पायांनी सँडल चढवली आणि मी पाय बघायला मागितले तर म्हणाले, "लेले, तू माझी आई आहेस का?" गाडीत ते छान मूडमध्ये होते. माशाच्या जुन्या गोष्टी सांगत होते.

त्यांच्या घरी हॉलमध्ये आम्ही बसलो. वहिनी पाणी घेऊन आल्या आणि मध्येच थांबल्या. दारापासून सोफ्यापर्यंत फरशीवर ठिपके होते. आधी चिखलाचे, मग लाल. वहिनींनी तांब्या खाली ठेवला, जमिनीवर बसल्या आणि साहेबांचा डावा पाय उचलून सँडल सोडली. तीन काट्यांचा तो गळ बोटांच्या मागे, चवड्याच्या मऊ भागात पुरता रुतला होता. त्या गळावर ते चालले होते, जिना चढले होते.

साहेबांनी वाकून पाहिलं. एखादी हरवलेली वस्तू सापडावी तसं म्हणाले, "अरे, हा इथे होता होय!" मग हसायला गेले आणि हसू तोंडावरच राहिलं. त्यांनी बोट पुढे केलं, गळाला धरून जरा हलवलं. पुन्हा हलवलं. आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. इतक्या वर्षांत साहेबांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

जखम भरलीच नाही. आधी बोटं गेली, मग गुडघ्याखाली पाय. हॉस्पिटलात मी भेटायला गेलो तेव्हा ते छताकडे बघत म्हणाले, "सगळ्यांचे सँपल तपासले, लेले. एकाच सप्लायरला कधी तपासलं नाही. या पायांना." मी त्यांचा हात धरला आणि रडलो. त्यांनी रडू दिलं.

घरी आल्यावर त्यांनी मला पुन्हा खाडीवर पिटाळलं. रविवारी मी पोचलो की फोन यायचा. "आधी तळपाय बघितलेस? काही लागलंय, कापलंय?" मग, "उभा राहा. काय म्हणतोय चिखल?" हिराबाई लांबून माझ्याकडे बघून मान हलवायची. एका रविवारी मी सांगितलं, "वरून गार, आतून ऊब आहे. उजव्या घोट्याला टोचतंय."

"एकदाच की सारखं?"

"सारखं, साहेब. आता डाव्यालाही."

ते अगदी हळू म्हणाले, "शिपाई लाव."

जिताडा लागला तेव्हा मी फोन स्पीकरवर टाकून खिशात ठेवला होता. रीलचा आवाज त्यांनी ऐकला असणार. मी आनंदाने ओरडत होतो. वहिनी नंतर म्हणाल्या, तेव्हा ते डोळे मिटून पडले होते आणि उरलेल्या पायाची बोटं चादरीवर हलवत होते. संध्याकाळी त्यांनी तुकडीतला घासभर खाल्ला आणि चव घेऊन म्हणाले, "माल उत्तम." उरलेल्या पायालाही बोटांच्या बेचक्यात जखम झाली होती हे आम्हाला त्यानंतर आठवड्याने कळलं. विष अंगात भिनलं होतं. साहेब त्यातून उठले नाहीत.

तेराव्यानंतर वहिनींनी मला लुरांचा डबा दिला. आत ऑडिटर, युनियन लीडर, शिपाई आणि वहिनींचा स्वतःचा हातआरसा. रोज तळपाय तपासायला डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांनी तो साहेबांच्या उशाशी ठेवला होता. "यांनीच ठेवायला लावला," वहिनी म्हणाल्या. "म्हणाले, लेले आता पायांचं ऐकायला शिकलाय. त्याला आरसाही दे."

मी आता रबरी बूट घालून जातो. काठावर पोचलो की ते काढून थोडा वेळ चिखलात उभा राहतो. आरशात तळपाय बघतो, मग बूट चढवतो आणि मगच डबा उघडतो. माझीही साखर गेल्या वर्षापासून काठावर आहे. मी रिपोर्ट कपाखाली ठेवत नाही, गोळ्या वेळेवर घेतो, चहा बिनसाखरेचा पितो. तरी डोळे मिटून उभा राहिलो की आधी मनात जिताडा येत नाही. पहिली कोलंबी टोचेपर्यंत मी श्वास धरून असतो.

गेल्या रविवारी बराच वेळ लागला.