काफ पर्वताला जाताना: बोरीवली ते अंधेरी, एका शुक्रवारी

इराणला जाणं माझ्या खिशाला आणि रजेला, दोन्हींना परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही बोरीवलीहून अंधेरीला गेलो. हसू नका. या ब्लॉगवर माझं लडाखपासून कन्याकुमारीपर्यंत सगळं लिहून झालंय, पण निघताना इतकी धाकधूक कधी वाटली नव्हती.

झालं असं, की माझी भाची सई, वय वर्षं पंधरा, गेलं वर्षभर माझ्या लॅपटॉपवर कादंबरी लिहितेय. आमच्याच सोसायटीत दोन मजले खाली राहते, शाळेतून आली की तडक माझ्याकडे. कादंबरीत इराणी लोककथांतल्या पऱ्या आहेत, शिंगवाले राक्षस आहेत आणि जगाच्या कडेला उभा असलेला पाचूचा काफ पर्वत आहे. नायिका गुलनार सईच्याच वयाची. तिला एक परी सापडते, आणि ती उडून जाऊ नये म्हणून गुलनार तिचे पंख लपवून ठेवते. मग परी आजारी पडते. पंख पुन्हा अंगाला जुळायला हवेत तर दोघींनी काफ पर्वत गाठायला हवा. तिथवर मी एका बैठकीत वाचलं, आणि नेमकी माझ्यातली प्रवासलेखिका जागी झाली. "पर्वत पुठ्ठ्याचा वाटतो गं," मी म्हटलं, "न पाहिलेल्या जागेबद्दल लिहू नये माणसाने." सईने लॅपटॉप मिटला. दोन दिवसांनी म्हणाली, "शनिवारी डिलीट करते सगळं. उगाच तुझ्या लॅपटॉपची जागा अडते."

जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर नव्हतंच. "शुक्रवार मला दे," मी म्हटलं, "मग शनिवारी काय करायचं ते कर."

नाताळची सुट्टी होती. सकाळी सातला हायवेची बस धरून आम्ही आरेच्या जंगलाच्या नाक्यावर उतरलो आणि आत जाणारी बस पकडली. तुम्ही जाणार असाल तर लवकरच जा आणि खिडकी सोडू नका. थंडीत तिथे रस्त्यावर धुकं उतरतं. तबेल्यांच्या छपरांवरून वाफ उठत होती, म्हशी निम्म्या दिसत होत्या, निम्म्या नव्हत्या. शेणाचा आणि ओल्या गवताचा वास. मधेच एक बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन झाडांत शिरली ती दिसेनाशीच झाली. सईने काचेला नाक लावलं होतं.

"कुठे उतरणार?" कंडक्टरने विचारलं.

"जिथे जंगल संपतं तिथे," सई म्हणाली.

"जंगल संपत नाय ताई, तिकीट संपतं. बोला लवकर."

सई चार दिवसांत पहिल्यांदा हसली. टपरीवर उतरून दोन-दोन वडापाव आणि आल्याचा चहा घेतला. मी तिला म्हटलं, हे धुकं लिही ना. ती म्हणाली, "आत्या, प्लीज, आज शिकवू नकोस यार." मी पावाचा मोठा घास घेतला.

तिथून रिक्षाने जोगेश्वरीची लेणी. रिक्षावाल्याला गुंफा म्हटलं की कळतं. चारी बाजूंनी घरं, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे, आणि त्यांच्यामधून खडकात कोरलेल्या पायऱ्या खाली उतरतात. तिकीट नाही. चपला सहज निघतील अशा घाला, कारण आत देवी आहे, आणि मोबाइलचा टॉर्च चालू आहे ना ते आधी बघून घ्या. पायऱ्या उतरल्या की शहराचा आवाज डोक्यावरच राहतो. खांब झिजून गुळगुळीत झालेत, छतातून पाणी ठिबकतं. सई एका जागी ओंजळ धरून उभी राहिली. थेंब पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. किती वेळ गेला कोण जाणे. मीही घाई केली नाही, माझ्या मानाने हे मोठंच.

दुपारी अंधेरी पूर्वेला शिरीन आंटींकडे पोचलो. आंटी माझ्या जुन्या ऑफिसातल्या, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. त्यांची आजी इराणमधल्या यझ्दहून आलेली. दर शुक्रवारी आंटी भाजलेले चणे सोलत एका गरीब लाकूडतोड्याची गोष्ट सांगतात, ज्याची अडचण दूर होते. खऱ्या इराणी घरातली खरी गोष्ट ऐकली की सईचा धीर परत येईल, असा माझा हिशेब होता.

आम्ही तिघी जमिनीवर चादर टाकून बसलो, मधे चण्यांचं ताट. आंटींनी गोष्ट सुरू केली. लाकूडतोड्या रानात वाट चुकला, आणि मी एक चणा तोंडात टाकला. मला सांगा, माझी काय चूक? आमच्या आईने श्रावणातल्या शुक्रवारी हातावर गूळ-फुटाणे ठेवले की आम्ही तिथेच फस्त करायचो. शुक्रवार आणि फुटाणे दिसले की माझा हात आपोआप जातो.

आंटी थांबल्या. "तू खाल्ला? गोष्ट पुरी नाय झाली आणि खाल्ला?"

"सॉरी आंटी, आमच्यात ना..."

"तुमच्यात असेल. आमच्या घरात रीत आहे. गोष्ट तुटली. आता तुम्ही सांगा, पहिल्यापासून. चणे सोलून होईपर्यंत थांबायचा नाय, उठायचा पण नाय. आणि शेवटी कोणाची तरी मुश्कील आसान झाली पाहिजे."

माझी वाट लागली. मला एकही गोष्ट धड आठवेना. मी सईकडे पाहिलं. तिने सुस्कारा सोडला आणि विचारलं, "आंटी, तुम्ही काफ पर्वत बघितलाय?"

"मी इराण पण नाय बघितला. माझ्या आजीने पण काफ नाय बघितला. बघितला असता तर गोष्टी कशाला सांगत बसली असती? फोटो दाखवला असता."

सई चणा सोलत बोलू लागली. गुलनार, परी, लपवलेले पंख, सगळं आलं. काफपाशी आल्यावर ती अडखळली. ताटात मूठभर चणे उरले होते. आंटींनी एक तिच्यासमोर सरकवला.

"काफवर चढायचं नसतं," सई म्हणाली, "खाली उतरायचं असतं. वर लोकांचे कपडे वाळत असतात आणि मधून पायऱ्या जातात. खाली पाणी ठिबकतं. तिथे पंख जुळतात, पण ज्याने लपवले त्यानेच मोठ्याने कबूल करावं लागतं. गुलनार सगळ्यांना सांगत आलीये की ती परीला सांभाळतेय. तिथे मात्र ती म्हणते, मी लपवले होते, तू जाऊ नयेस म्हणून. परी उडून जाते. गुलनार एकटी पायऱ्या चढून वर येते."

शेवटचं साल ताटात पडलं.

"मुश्कील कोणाची आसान झाली?" आंटींनी विचारलं. "परीची की पोरीची?"

"दोघींची. पोरीला जरा वेळ लागेल."

आंटींनी सोललेले चणे खडीसाखर घालून आमच्या हातावर ठेवले. मग ब्रून-मस्का, म्हणजे लोणी लावलेला कडक पाव, आणि पुदिन्याचा चहा. मी भयंकर खूश होते. मोहीम फत्ते, असं मनात म्हणत बोरीवलीपर्यंत एकटीच बडबडत आले. शेवट असा कर, ते कबुलीचं थोडं आधी आण, परी जाताना काहीतरी बोलू दे. सई खिडकीबाहेर बघत होती.

घरी आल्यावर तिने लॅपटॉप उघडला आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला.

"आत्या, मी डिलीट नाही करणार. घेऊन जाते."

"अगं, पण इथे राहू दे ना एक कॉपी. मी वाचून..."

"तेच तर. इथे असली की मी तुला आवडेल तसंच लिहिते."

ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणून जास्त लागलं. वर्षभर मला वाटत होतं, मी तिची कादंबरी सांभाळतेय. मी उठले, तिला खुर्ची दिली. तिने फाइल पेनड्राइव्हवर घेतली, माझ्याकडची काढून टाकली, मला घट्ट मिठी मारली आणि दोन मजले उतरून गेली.

याला आता तीन महिने झाले. ती लिहितेय एवढं वहिनीकडून कळतं. जिन्यात भेटली की रोज विचारावंसं वाटतं, कुठवर आलं गं? मी जेवलीस का विचारते.