तंजावूर त्यांनी मागून घेतलं

एसटी निघायच्या आधी इंदूकाकू खिडकीशी आल्या आणि त्यांनी आमच्या ह्यांचा हात धरला. त्यांचा संपत आणि हे एकाच गावचे, एकाच पलटणीतले. संपत सीमेवर कामी आला तेव्हा हे त्याच्याजवळ होते.

"सुभाष, त्याला त्रास नाही ना रे झाला?" काकूंनी विचारलं. हे निवृत्त होऊन घरी आल्यापासून त्या हेच विचारत होत्या.

"नाही काकू. काही कळायच्या आतच गेला," हे म्हणाले, नेहमीसारखंच.

(ह्यांना विचारून, सगळ्यांची नावं बदलून लिहिते आहे.)

गावात वाटलं, पेन्शन असताना आणखी पगाराच्या मोहापायी आम्ही एवढ्या लांब गेलो. मलाही तसंच वाटायचं. पहाऱ्याची नोकरी जवळपासही मिळाली असती. ह्यांनी तंजावूर मागून घेतलं.

राजवाड्याजवळच्या गल्लीत खोल्या मिळाल्या. घरमालक विठ्ठलराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांच्या घरात पिढ्यान्पिढ्या मराठीच, पण तमिळच्या चालीवर, आणि शब्द इतके जुने की सुरुवातीला मला हसू यायचं. पुढे त्याच मराठीचा आधार वाटू लागला. गावी मी दिवसभर शेजारणींशी बोलायची. इथे बाजारात बोट दाखवून भाजी घ्यायची.

हे मात्र बोलेनासेच झाले. जेवतानाही भिंतीला पाठ लावून बसायचे. मग एका संध्याकाळी देवळाच्या उत्सवात दारूकाम सुरू झालं आणि ह्यांनी आमच्या अन्वीला ओढून कॉटखाली कोंबलं, तिचं तोंड दाबून धरलं. मी हात सोडवला तेव्हा लेकीच्या गालावर बोटं उमटली होती.

मग मी ह्यांना दवाखान्यात नेलं. तिथल्या समुपदेशक बाईंना तमिळ आणि इंग्रजी येत होतं, ह्यांना फौजेतली हिंदी. त्या मोडक्या हिंदीत विचारायच्या, हे "सब ठीक है" म्हणून उठायचे. शेवटी ह्यांनीच विठ्ठलरावांना दुभाष्या म्हणून सोबत यायची गळ घातली.

"येतो," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल तसेच बाईंना सांगेन. त्या खोलीतले बोलणे घरी आणणार नाही."

मलाही ह्यांनी सोबत बसवून घेतलं. त्या दिवशी कळलं, संपत लगेच गेला नव्हता. जखमी होऊन आईला हाका मारत होता. शत्रू जवळ होता, आवाज तिकडे पोचला असता तर बाकीचेही मेले असते. ह्यांनी त्याचं तोंड दाबून धरलं. मदत पोचली तेव्हा तो गेलेला होता. जखमेनं गेला की आपल्या हातानं, हे ह्यांना आजही ठाऊक नाही.

विठ्ठलराव तमिळमध्ये 'नान' म्हणून, म्हणजे 'मी' म्हणूनच ते सांगत होते. मध्येच ते 'नान'वर अडखळले.

"थांबू नका," हे म्हणाले. "सांगा."

आपलीच गोष्ट न कळणाऱ्या भाषेत ऐकताना हे रडले. मी त्यांना त्याआधी रडताना पाहिलं नव्हतं. बाई विठ्ठलरावांकरवी एवढंच म्हणाल्या, की त्या आईला सांगायचं की नाही, हे आज ठरवायला नको.

परतताना रिक्षात ह्यांना उलटी झाली. बरे झाले असं मी लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत, बाईंकडे जाणं चालू आहे, विठ्ठलराव अजून सोबत येतात. अन्वीजवळ ह्यांचा हात गेला की ती मान मागे घेते. हे पाहून न पाहिल्यासारखं करतात.

ती आता ताकाला तमिळमधलं 'मोर' म्हणते. माझ्याही तोंडी 'बरं, बरं'च्या जागी 'सरी, सरी' येतं. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असा गप्प झालेला माणूस असेल, तर त्याची भाषा कळणारं कुणीतरी शोधा. सोपं नाही.

गावाहून आई फोनवर विचारते, "दिवाळीला येताय ना?" मी अन्वीच्या शाळेचं कारण सांगते. आधी हे जायचं टाळायचे आणि मी चिडायची. आता मीही टाळते. घर म्हटलं की अजून मला गावचाच उंबरा दिसतो. पण काकूंचं दार त्याच्या समोरच आहे, आणि त्यांच्यासमोर मला खोटं बोलता यायचं नाही.