मोटेच्या सोंडेत हात घालून गारगोटीला

रविवार, ८ जानेवारी २०१२, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. आपल्या शहरातल्या एका मोटारसायकल क्लबाने जुन्या फोटोंचं प्रदर्शन मांडलं होतं. मी माझ्याच घरून गेलेल्या फोटोसमोर उभी राहिले आणि खालची ओळ वाचली : 'कडाक्याच्या थंडीत कन्येला मागे बसवून गारगोटी गाठणारे वडील, १९५४. हँडलला सामानाच्या पिशव्या.'

एका ओळीत दोन खोट्या गोष्टी. मोटारसायकल मी चालवत होते. आणि त्या पिशव्या नव्हत्या.

क्लबाचे सचिव शेजारीच होते. वय तिशीच्या आत, जाकिटावर बिल्लेच बिल्ले. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "पण आज्जी, फोटोत तर तेच पुढे बसलेत ना?"

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि निवृत्त होईपर्यंत मुलींना इंग्रजी शिकवलं. उभ्याउभ्या अर्धवट उत्तर द्यायची मला सवय नाही. म्हणून ते आता सविस्तर देते. जानेवारीच्या पहाटे भुदरगडाकडे, म्हणजे गारगोटीच्या बाजूला, गाडी काढायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनाही यात चार उपयोगाच्या गोष्टी सापडतील.

गारगोटीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीला बाई हव्या होत्या. सकाळी नऊला फळ्यावर धडा घेऊन दाखवायचा होता. पहाटे तिकडे जाणारी मोटार नव्हती, आणि आदल्या दिवशी जाऊन उतरावं असं ओळखीचं घर नव्हतं. राहिली आमची फटफटी. माझे वडील, आबा, शाहूपुरीत गुळाचे अडते. लष्कराच्या लिलावातली ही गाडी त्यांनी हौसेने घेतली खरी, पण गारठा लागला की त्यांची बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडत. क्लच दाबलाय की सुटलाय, हे त्यांना खाली बघूनच कळायचं. दोनदा उसात शिरल्यावर त्यांनी गाडी माझ्या हवाली केली. मी एकवीस वर्षांची होते आणि आईच्या मते केव्हाच हाताबाहेर गेले होते.

प्रश्न माझ्या हातांचाही होता. आकडलेल्या बोटांनी खडू धरता येत नाही. एका सिस्टरने विणून दिलेले लोकरीचे हातमोजे होते. ते प्रार्थनेला जाताना फार शोभत, पण गाडीवर वारा त्यांतून चाळणीसारखा येई. हे लक्षात ठेवा : हात गार पडतात ते वाऱ्याने. आधी वारा अडवा, लोकर नंतर.

वारा अडवायची युक्ती दादूमामांकडे मिळाली. ते आमच्या गल्लीच्या तोंडाला चपला शिवायचे. त्यांच्याकडे कोणीतरी जुनी मोट टाकून गेलं होतं. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते : विहिरीतून बैलांकडून पाणी ओढून घ्यायची ती मोठी कातडी पिशवी, आणि तिला खाली हात-दोन हात लांब नळी असते, तिला सोंड म्हणतात. मी त्या सोंडेत सहज कोपरापर्यंत हात घातला, आणि आत वारा नव्हता.

"ताई, ह्येच्यातनं पानी सांडायचं, तुमी हात घालतायसा व्हय?" मामा हसले. "न्या की! मोटा गेल्या, इंजनं आली. हिला आता कोन इचारतंय? दोन तुकडं करून मुठींवर बसवतो. पन ढिली ठेवतो हां. पडलासा तर हात सुटला पायजे."

आम्ही जैन. कातडं उंबऱ्याच्या आत येणार नाही, असं आईने बजावलं. पण आतून घोंगडीचं अस्तर लागणार, हे तिलाच सुचलं. तिने ते घरात बसून शिवलं, खिडकीतून बाहेर दिलं आणि खिडकी लावून घेतली.

साडेपाचला निघालो. अंगात भावाची विजार, आबांचा जुना कोट, छातीवर आत दुमडलेलं वर्तमानपत्र (आजही घाला, फुकट असतं). शाळेत नेसायचं पातळ पिशवीत. आबा मागे, हात माझ्या कोटाच्या खिशांत. गाव मागे पडलं आणि धुकं आलं. दिव्याचा उजेड पुढे दहा पावलांवर मऊ होऊन विरत होता. रस्ता दिसत नव्हता, तो चाकाखाली हळूहळू तयार होत होता. हात त्या कातडी अंधारात होते, मला दिसत नव्हते, आणि मला वाटत राहिलं की ते माझे नाहीतच. दुसरंच कोणीतरी आत बसून गाडी हाकतंय आणि मी नुसती धुक्याकडे बघते आहे. मग गोड धुराचा वास आला. उसाचं पातं जळताना येतो तो, त्यात कढत्या रसाचा. लांब कुठेतरी एक लाल ठिपका, त्याच्या पुढे आणखी एक. गुऱ्हाळं. सबंध रस्ताभर कोणी शेगड्या मांडून ठेवल्यासारखी.

इस्पुर्लीच्या अलीकडे आबांच्या माहितीतलं गुऱ्हाळ होतं. मालक बाळगोंडाअण्णा रस उकळणाऱ्या काहिलीजवळून ओरडले, "काय शेठ, लेक फुडं आन तुमी मागं? उलटंच की!"

"तिचे हात चालतात अण्णा, माझे चालत नाहीत," आबा म्हणाले. आवाज खाली न आणता.

सोंडेचं वरचं तोंड उघडं असल्याने बोटं शेवटी बधिर झालीच होती. मी ती थेट काहिलीखालच्या चुलाणाकडे नेली.

"हां हां! गारठल्याला हात जाळाला लावत्यात व्हय? शिकल्यालं म्हणायचं तुमास्नी! काखंत घाला आदी." अण्णांनी अडवलं.

मी काखेत घातले. शहाण्या माणसाचा सल्ला आहे, पाळा. रसाचा पेला दोन्ही हातांत धरून आम्ही काहिलीकडे बघत बसलो. वाफ वर जायची, छपराला टेकायची आणि परत आमच्याकडे यायची. निघायचं आहे हे मी विसरले होते. आबांनी आठवण केली.

अण्णांनी मग रस निववायच्या वाफ्यातला नुकता आळत आलेला गूळ घेतला, दोन गोळे केले, ओल्या फडक्यांत बांधले आणि एकेका सोंडेत एकेक टाकला. "गारगोटीपातूर ऊब ऱ्हाती बघा."

आम्हा तिघांचं पोट गुळावर, आणि तिघांपैकी एकालाही पुढचं सुचलं नाही.

बिद्रीपर्यंत तो स्वर्ग होता. नदीवरून धुकं उठून शेतांत शिरत होतं, उसाचे तुरे त्यावर तरंगत होते, आणि माझ्या दोन्ही मुठींजवळ दोन गरम, जिवंत पाखरं बसली होती. मुदाळ तिट्ट्याच्या पुढे सूर्य दिसला. पाखरं थोडी घामेजली. फडकी सुटली. आणि गारगोटीच्या स्टँडजवळ गाडी थांबवून मी हात काढायला गेले, तर हात येईनात. गूळ पाझरून पुन्हा थिजला होता. बोटं, घोंगडी आणि हँडलची मूठ, सगळं एक झालं होतं.

पावणेनऊ वाजले होते. माणसं जमली. एकाने आबांनाच विचारलं, "पावणं, गाडी तुमी चालवलासा, आन हात बाईचं कसं अडकलं?"

"तिनंच चालवली म्हणून तिचे अडकले," आबा म्हणाले. "माझे मोकळे आहेत. बघा." आणि दोन्ही पंजे वर करून गर्दीला दाखवले.

हॉटेलवाल्याने चहाच्या पाण्याची किटली आणली, त्यात गार पाणी मिसळलं आणि एकेका सोंडेत ओतलं. दुसऱ्या टोकातून गुळवणी धो धो रस्त्यावर.

"आरं, मोट सुटली की!" कोणीतरी ओरडलं. मी सोडून सगळे हसले.

पण हात सुटले, आणि काय सुटले! लालबुंद, मऊ, गरम. शाळेच्या मुख्याध्यापिका शेजारीच राहत. त्यांच्याकडे पातळ नेसले आणि नऊच्या ठोक्याला फळ्यापुढे उभी राहिले. इतकी वळणदार अक्षरं मी पूर्वी काढली नव्हती. खडू जरा चिकटत होता, इतकंच. त्यांनी त्याच दिवशी मला नोकरीवर घेतलं.

आता फोटो. बाजारात एक फोटोवाले होते. आनंदात काढायचं ठरलं. मी पातळात, म्हणून मागे एका बाजूला बसले. पुढे आबांना बसवलं. ओल्या सोंडा हँडलला उलट्या, वाळत टाकलेल्या. गाडी बंद. हँडल धरताना आबा पुटपुटले, "कलंडलो तर धर गं." मी त्यांचा कोट मागून घट्ट धरला. फोटोत माझा उजवा हात दिसत नाही, तो तिथे आहे.

दुपारी विजार चढवली आणि उघड्या हातांनी, उन्हातून, गाडी परत आणली. धुकं कुठेच नव्हतं. सकाळचा रस्ता मला सापडला नाही.

तो फोटो आबांच्या दुकानात शेवटपर्यंत होता. येणारा प्रत्येक व्यापारी म्हणायचा, "वा शेठ, फटफटी!" आणि आबा प्रत्येकाला सांगायचे, "मी नुसता बसलोय. चालवली लेकीनं." हसणारे हसायचे. त्या काळात बापाला हे सांगणं सोपं नव्हतं, आणि त्यांनी ते एकदाही टाळलं नाही. राग मला माझ्यासाठी आलेला नाही, सचिवसाहेब. जे खोटं त्या माणसाने जन्मात सांगितलं नाही, ते तुम्ही त्याच्या फोटोखाली छापून टाकलंत.

नवी ओळ मी देते, तीच लावा : 'चालक मागे बसली आहे. पुढे तिचे वडील. हँडलला मोटेच्या सोंडा.' लावल्याचं सहीनिशी, कागदावर, मंगळवार ३१ जानेवारी २०१२, संध्याकाळी पाचच्या आत कळवा. फोन करू नका.